कोणता आवाज खणायचा

वाळूवरून फिरणारी मशीन ओरडली की तो लगेच खणायचा नाही. कानावरचा हेडफोन दाबून धरायचा, डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "खोटा बोलून राह्यला."

आर्णीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. हात थरथरायला लागले तसं त्यानं ते बंद केलं आणि धातू शोधायची एक जुनी मशीन कुठूनशी आणली. उन्हाळ्यात अरुणावती नदी आटली की हा वाळूत हजर. लोकांना वाटे, याला गुप्तधनाचा माग लागलाय. मलाही वाटे. एकदा मी मागोमाग गेलो, तर वळून म्हणाला, "कोनं पाठवलं तुमाले?"

त्याचा कोणावरच भरवसा नव्हता. सख्ख्या भावाच्या घरची लग्नपत्रिका आली तरी तारीख चौघांना विचारून घेई. मशीनवर तर नव्हताच. मोठा, पसरट आवाज म्हणजे पत्रा. खरखरला तर खिळा. मशीन आधी उभी फिरवून आवाज ऐकायचा, मग आडवी फिरवून. "दोन्हीकडून एकच सांगन, तरच खंदाचा."

असाच एक बारीक आवाज त्यानं खणला, बाया कपडे धुतात त्या जागेच्या जरा खाली. निघाला लहान लेकराच्या पायातला चांदीचा वाळा.

बातमी फुटली. दोघी-तिघी हक्क सांगत आल्या. त्यानं वाळा दाखवलाच नाही. "कसा होता?" एवढंच विचारी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकीच्या वाळ्याला रातोरात घुंगरं फुटली!

मग मागच्या आळीतली एक साठीची बाई आली. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "भाऊ, त्याच्या कडीले तांब्याची तार हाये का?"

तिची पोरगी रांगत होती तेव्हा नदीवर वाळा हरवला होता. सासू म्हणाली, हिनंच माहेरी धाडला. तेव्हापासून त्या घरात डब्यातली साखर कमी झाली तरी सासू म्हणे, "गेली असन माहेरी."

तार होती. तरी त्यानं तिला दुसऱ्या दिवशी बोलावलं, पुन्हा विचारलं. तिनं तेच सांगितलं.

"चाला," तो उठला. साक्षीला मलाही घेतलं.

सासू बाजेवर पडलेली, नजर गेलेली. त्यानं वाळा तिच्या तळहातावर ठेवला. "नदीत सापडला. म्याच खंदला. सून खरी हाये तुमची."

म्हातारीनं तार चाचपली. "तिनंच नेऊन पुरला असन."

"हातभर खोल होता. वरची रेती दगडावानी दाबलेली. मीबी आधी तेच पाह्यलं."

म्हातारीनं वाळा पुन्हा पुन्हा बोटांत फिरवला. सून दाराला धरून उभी. शेवटी म्हातारी म्हणाली, "तू म्हनतं तं खरं असन. तुले तं तुह्या बापाचाबी भरोसा नव्हता." मग दाराकडे तोंड करून, "अवं, इकडं ये."

सून गेली आणि बाजेच्या पायथ्याशी बसली. म्हातारीचा हात तिचं डोकं शोधत राहिला. आम्ही दोघं बाहेर आलो. चप्पल घालायला त्याला फार वेळ लागला.

गेल्या हिवाळ्यात तो वारला. अंगणात बसलेल्या बायांमध्ये ती वाळ्यावाली बाई सगळ्यांत मोठ्यानं रडत होती. त्याच्या पाहुण्यांपैकी एकीनं तिच्याकडे रोखून पाहत विचारलं, "बाई, तुमचा कोन लागे हा?"

तिनं डोळे पुसले नाहीत.

"भाऊ," ती म्हणाली.