तळ्यातला ओला गाळ

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. सासऱ्यांची शाहूवाडीकडची भाताची जमीन आमच्याकडे आली. आम्ही नवरा-बायको दोघंही कोल्हापुरात शिक्षक, त्यामुळे शेती सुट्टीपुरती.

मे महिन्यात गावचं तळं आटलं की गावकरी त्यातला गाळ काढत, महिनाभर उन्हात पसरत आणि मगच शेतात टाकत. आम्हांला महिनाभर सवड नव्हती. शाळा उघडायच्या आत सगळं उरकायचं म्हणून आम्ही तो ओला, काळाकुट्ट गाळ थेट भाताची रोपं करायच्या वाफ्यात ओतला. नासक्या अंड्यांसारखा वास सुटला होता. "वास जास्त म्हणजे खत जोरदार," असं मीच ठासून सांगितलं.

त्यातच भात पेरला. पुढे पावसाचं पाणी वाफ्यात तुंबलं. एका रविवारी जाऊन पाहिलं, तर वीतभर रोपं पिवळी पडलेली. एक उपटलं, मुळं कोळशासारखी काळी. पुन्हा पेरायला बियाणं नव्हतं. ही रोपं गेली की वर्षाचा भात गेला.

शेजारच्या शेतातली म्हातारी बांधावर आली. तिनं मूठभर चिखल उचलून हुंगला.

"मास्तरीणबाई, ओलाच घातलासा व्हय?"

"वेळ नव्हता, मावशी."

"मग आता रोपास्नी मरायला येळ हाय! बांध फोडा. समदं पाणी जाऊ द्या, गुदमरल्याल्या मुळास्नी वारा लागू द्या. भेगा पडंस्तवर थेंब ठेवायचा न्हाय."

"मावशी, भात आहे हा, ज्वारी नव्हे," आमचे हे म्हणाले.

"आनि तुमी मास्तर हायसा, शेतकरी न्हवं. फोडा!"

फोडला. आम्ही रजा काढून तिथंच राहिलो. नशिबानं पावसानं उघडीप दिली. चिखल वरून भुरा झाला, तडकला, वास गेला. पाचव्या दिवशी रोप उपटलं, तर काळ्या मुळांमधून पांढरीशुभ्र नवी मुळं फुटलेली. आमचे हे ते रोप उंच धरून बांधावरून धावत सुटले.

"मावशी, पांढरी आली!"

"मला काय दावतासा? पाणी घ्या आता, न्हाईतर वाळवून मारशीला!"

लावणीला रोपं थोडी कमीच पडली. शेताचा एक कोपरा रिकामा राहिला. म्हातारी आपल्या उरलेल्या रोपांची जुडी घेऊन न विचारता त्यात उतरली.

"असू दे, मावशी," मी म्हटलं.

"गप ऱ्हावा. माझ्या बांधाला लागून टक्कल बरं दिसत न्हाय."