इतवारीतलं करवतकाठी लुगडं

मी इथे नेहमी नुसती वाचक असते. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे असले अनुभव वाचले की त्यांची साधी उत्तरं शोधत बसायची सवय... या एका प्रसंगाचं उत्तर मात्र मलाच सापडलेलं नाही, म्हणून लिहितेय.

१९७४ सालची गोष्ट. लग्न होऊन पुण्याहून नागपूरजवळच्या खापरखेड्याला आले होते, नवरा पॉवर स्टेशनमध्ये. कॉलनीच्या गणपतीत आम्ही बायका ऐतिहासिक नाटक बसवत होतो आणि कपडेपट माझ्याकडे होता. शेजारच्या लताबाई मूळच्या काटोलच्या. त्या म्हणाल्या, "नागपूरले इतवारीत चाल माह्यासंग. बोहारणी घरोघरून भांड्यांवर जुने कपडे घेतेत ना, ते सारे तिथं विकाले येतेत."

इतवारी मी तोवर कधीच पाहिली नव्हती. हे मुद्दाम सांगतेय.

ती गल्ली म्हणजे खजिनाच. जरीचे ब्लाउज, मखमली टोप्या, कुणाचा तरी लग्नातला कोट... कुठे हात घालू आणि कुठे नको, असं झालं मला. एका ढिगाच्या तळातून टसरचं नऊवारी ओढून काढलं. मधासारखा रंग, लाल काठ, काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. कसं दिसतं बघायला पदर खांद्यावर टाकला —

आणि मी चालायला लागले.

भीती अजिबात वाटली नाही. उलट माहेरी निघाल्यासारखा आनंद. लताबाई दुकानदाराच्या हातात पैसे कोंबून मागे धावल्या. "अवं सुनंदा, काहून पळून राहिली?" पण मला थांबताच येईना. वळणावर विहीर असणार — होती. मग कडुनिंब, मग अरुंद बोळ... सगळं दिसायच्या आधीच मला माहीत होतं. बोळाच्या टोकाला निळं दार. मी कडी वाजवली.

एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग लुगड्याकडे, आणि त्या उंबऱ्यावरच बसल्या.

"हे माह्या ताईचं हाय," म्हणाल्या, आणि पदराचं रफू शोधून दाखवलं.

त्यांची थोरली बहीण उन्हाळ्यात वारली होती. आपल्या नातीला लग्नात हेच नेसवा, एवढं एकच तिनं मागितलं होतं. सुनेनं नकळत ते बाकीच्या कपड्यांसोबत बोहारणीला दिलं. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त ठरलेला, आणि शोधून शोधून सगळे थकले होते.

मी लुगडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "तुले माहं नाव कोनं सांगतलं?"

"कुठलं नाव?"

"बाहेरून आवाज देला ना तू... पमे, दार उघड म्हणून. पमी तर मले फक्त ताईच म्हने."

मी तोंडही उघडलं नव्हतं. लताबाईंकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "म्हटलं वं तू. मी आयकलं."

लग्नाला आम्ही दोघी गेलो. नात त्या लुगड्यात मांडवात आली आणि पमाबाईंनी माझा हात जो धरला, तो अक्षता पडेपर्यंत सोडला नाही.

लहानपणी कधी मला तिथे नेलं होतं का, हे मी आईवडिलांना खोदून खोदून विचारलं. नव्हतं नेलं. ती हाक भास म्हणावा, तर पमाबाईंना आणि लताबाईंना एकच भास कसा?

पुढे कितीतरी वर्षं मी पमाबाईंकडे जात राहिले. दर वेळी त्या बोळांमध्ये चुकायचे, आणि लोकांना विचारत विचारतच ते घर गाठावं लागायचं.