बनशंकरीला जातो म्हणून निघालो

पहिल्या बाळंतपणाला मुली माहेरी जातात. मला आई नव्हती, त्यामुळे माझं बाळंतपण बंगळूरलाच झालं, यजमानांच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. साठ सालानंतरची गोष्ट. सासूबाई बेळगावकडच्या. डिंक, अळीव, बाळंतशोपा घेऊन त्या महिनाभर आधीच येऊन ठेपल्या.

बाई कडक. खिडकी बंद, बाजेखाली शेगडी, माझ्या कानाला रुमाल. सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही. मी मुळातली पायाला भिंगरी लावलेली. बाजेपासून दारापर्यंत सात पावलं, दारापासून बाजेपर्यंत सात. दिवसभर तेवढंच चालायचे. थांबले की डोक्यात ते यायचं.

ते म्हणजे काय, ते सांगूनच टाकते. बाळाला अंघोळीसाठी घंगाळाजवळ नेलं की वाटायचं, हे आता माझ्या हातून पाण्यात सुटणार. सुटणार कसलं, मीच सोडणार. मग मी त्याला घ्यायचंच टाळू लागले. पाजून झालं की घाईघाईनं सासूबाईंच्या हवाली करायचे.

"स्वतःचं पोर जड झालं काय गं तुला?" त्या म्हणायच्या. मला भयंकर राग यायचा, आणि त्याहून जास्त लाज. पोटच्या पोराबद्दल असं मनात येतं, हे सांगायचं तरी कुणाला?

एकविसाव्या दिवशी मी उंबरा ओलांडला. अनवाणी, रुमाल काढून, थेट कारखान्याच्या फाटकापर्यंत गेले. यजमानांनी घरी आणलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि शहरातल्या मनोरुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून दिली. सासूबाईंचं म्हणणं, झाकली मूठ सव्वा लाखाची. शेजारणीला त्यांनी सांगितलं, बनशंकरीच्या देवळात नारळ ठेवायला जातोय. खरं वाटावं म्हणून पिशवीत नारळ घेतलासुद्धा! यजमानांना कारखान्यातली पाळी सोडता येईना, म्हणून बाळाला घेऊन आम्ही दोघीच जटक्यात, म्हणजे तिकडच्या टांग्यात बसलो.

तिथले डॉक्टर कानडी. माझं इंग्रजी मॅट्रिकलाच गारद झालेलं, तेव्हा मी मराठीत सांगायचं आणि सासूबाईंनी त्यांना कानडीत, असं ठरलं. मी डोळे मिटून सगळं सांगितलं, घंगाळासकट. सासूबाईंनी बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाल्या, "निद्दि बरूदिल्ल. स्वल्प उष्ण आगेद."

झोप येत नाही, थोडी उष्णता झालीय! इतकं कानडी मला भाजीवालीनं शिकवलेलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून उभी राहिले आणि माझ्या मोडक्यातोडक्या कानडीत म्हटलं, "मगु नन्न हत्तिर बिडबेडि. ननगे भय." बाळाला माझ्याजवळ सोडू नका. मला भीती वाटते.

डॉक्टर दचकले नाहीत, याचंच मला नवल वाटलं. ते सावकाश काहीतरी बोलले. या वेळी सासूबाईंनी शब्द न् शब्द सांगितला.

"म्हणतात, हा आजार आहे. पुष्कळ बाळंतिणींना होतो, बराही होतो. भीती वाटते म्हणजे पोर नकोय असं नव्हे."

हे वाक्य त्यांच्याच तोंडून ऐकताना मी हमसून हमसून रडले.

तिथं रोग्याला एकटं ठेवून घेत नसत. घरचं माणूस मुक्कामाला लागे. बाळही राहील, पण त्याला सांभाळायला दुसरं कुणी सतत जवळ हवं. कोण राहणार, डॉक्टरांनी विचारलं. मुक्काम करायचा म्हणजे साऱ्या क्वार्टर्समध्ये बोभाटा. मी दाराकडे बघू लागले. पळत सुटावंसं वाटत होतं.

"ना इरतीनि," सासूबाई म्हणाल्या. मी राहते. बाळाला खांद्यावर घेऊन त्या भिंतीकडे वळल्या आणि मला कळतंय हे ठाऊक असूनही कानडीतच पुढं बोलल्या, "ननगू हिंगs आगित्तु. नन्न जोडी यारू इरलिल्ल."

मलाही असंच झालं होतं. माझ्यासोबत कुणी नव्हतं.

पुढं वीस वर्षं आम्ही एका घरात काढली. मराठीत हे त्या मला कधीच बोलल्या नाहीत.