मातीवरचं वाक्य

पेटीवर माती टाकून माझा नवरा थांबला. पुढचं वाक्य आलंच नाही.

हिंदी मुलखातल्या स्टील प्लांटच्या गावात तो आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा पाळक होता. लोकांची लग्नं लावायची आणि माणसं पुरायची हे त्याचं काम. त्या दिवशी मरोदा वस्तीतल्या एका विधवेचा एकुलता एक मुलगा पुरायचा होता. प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला होता, कावीळ झाली आणि गेला. आमच्यात पाळक पेटीवर माती टाकतो, 'मातीला माती' म्हणतो, आणि मग म्हणतो की हा पुन्हा उठेल अशी आमची पक्की आशा आहे. घरच्यांच्या मुठीत माती असते. ते वाक्य झालं की मूठ सोडायची, असा आमच्याकडचा रिवाज.

'मातीला माती' झालं आणि मग तो नुसता उभा. हातात पुस्तक उघडं, घाम कॉलरमध्ये उतरतोय. लोक चुळबुळायला लागले. विधवा मूठ आवळून त्याच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी मी पुढे झाले आणि ते वाक्य म्हणून टाकलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण त्याच्याबरोबर इतक्या मातींना गेले होते की पाठच होतं. बाईने मूठ सोडली.

घरी आल्यावर त्याने झगा खिळ्याला लावला. मी भात वाढला.

"बीपी वाढला का?"

"नाही."

"मंग?"

"मले ते म्हणता येत नाही. खोटं वाटते."

"आजपासून?"

"लय वर्सं झाली. बाकी वेळा म्हणून घेतो. आज तिच्या तोंडाकडं पायलं अन् नाही निघालं."

"म्हणजे देव नाही?"

"मले नाही सापडून राहिला. फोन कटला तरी माणूस हॅलो हॅलो करते ना, तसं करून राहिलो मी."

"जेवा. भात थंडा होऊन राहिला."

तो जेवला. मग विचारलं, "सोडून देऊ काय हे?"

"अन् काय करता? सुपेल्याच्या चौकात पंक्चर काढता?"

तो हसला. म्हणाला, "ते तरी दिसते. निघालं का नाही निघालं."

मी रडले वगैरे नाही. घर चर्चचं होतं. बाहेर कळलं असतं तर सामान रस्त्यावर आलं असतं. पण तेवढंच नव्हतं. त्याच्या शब्दावर कितीतरी बायांनी मूठ सोडली होती. त्यांना आता काय सांगायचं? म्हणून मी तोंड मिटलं, त्यालाही मिटायला लावलं.

रविवारी ती विधवा उपासनेला आली. आमची उपासना भर दुपारी असायची. एकाच चर्चमध्ये सकाळी हिंदीवाले, मग तेलुगूवाले, आणि छपराचे पत्रे तापले की आम्ही मूठभर मराठी. उपासना सुटल्यावर तिने माझा हात धरला.

"बाई, मी पायलं. माह्या पोरासाठी साहेबाचा गळा भरून आला. शब्द नाही फुटला. असा पाळक मी नाही पायला."

मी तिचा हात थोपटला. तिने हे सगळ्यांना सांगितलं.

तेव्हापासून तो गप्प बसला की लोक जास्तच मान खाली घालायला लागले. आमच्या लोकांत पाळक घरी आला की आधी चहा ठेवतात, पण त्याने प्रार्थना केल्याशिवाय कपाला कोणी हात लावत नाही. हा डोळे मिटून बसायचा. चहावर साय धरायची. शेवटी मीच दोन शब्द बोलायचे आणि आमेन म्हणायचे. लोकांना वाटायचं, साहेब आतल्या आत देवाशी बोलतात. आजाऱ्यांकडून बोलावणी वाढली. बाजूच्या मंडळीतूनही यायला लागली.

मंडळीतले एक पंच मला म्हणाले, "बाई, साहेबांची प्रार्थना लय खोल झाली आता."

"हो, विहिरीसारखी," मी म्हटलं. पाणी आहे का ते त्यांनी विचारलं नाही.

तो मात्र थकत गेला. रविवारी झगा घालायचा तो प्लांटच्या दुपारच्या बी शिफ्टला निघाल्यासारखा. माझा विश्वास आहे की नाही, हे त्याने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, मला माहीत नाही. दोघांचं काम मी एकटी करत होते, विचार करायला बसले नाही.

रिटायर झाल्यावर आम्ही गावाच्या कडेला बोरसीला दोन खोल्यांत राहायला आलो. तो मेथी लावायचा, पेपर वाचायचा. एकदा कप तोंडाला लावत म्हणाला, "आता बरं वाटते. चहा गरम भेटते."

मग हृदयाचं दुखणं आलं. शेवटी शेवटी म्हणाला, "माह्या मातीवर ते वाक्य नको म्हणू देऊ."

"तुमी कुठं ऐकाले राहणार?"

"तू राहशीन ना."

मी बरं म्हटलं.

त्याच्या मातीला आलेला नवीन पाळक तरुण, मराठी फारशी येत नाही. त्याला मी आधीच सांगितलं, "वो उठने वाली लाइन छोड़ देना, साहब ने मना किया था." तो बुचकळ्यात पडला, पण "जी, माताजी" म्हणाला. आणि खरंच सोडली. हिंदीत प्रार्थना केली, पुस्तक मिटलं.

तेवढ्यात ती विधवा काठी टेकत पुढे आली.

"झालं? अन् ते वाक्य? हिंदीत नसते काय?"

नवीन पाळक माझ्याकडे बघायला लागला. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"माह्या पोराच्या टायमाले साहेबाच्यानं झालं नाही, त बाईनं म्हटलं. आज बाईच्यानं होऊन नाही राहिलं. मी म्हणतो."

आणि तिने म्हटलं. मोठ्याने, कुठेही न अडखळता. तिला थांबवायचं तर का थांबवते ते सांगावं लागलं असतं, तिथेच, खड्ड्याच्या काठावर. मग तिच्या पोरासाठी भरून आलेला त्याचा गळाही तिच्याकडून काढून घ्यावा लागला असता. माझ्या मुठीतली माती घामाने ओली झाली होती. मी मूठ सोडली.

ती अजून मरोद्यालाच आहे. सणाला भेटते, गुडघ्यांचं सांगते, साहेबांचं बोलते. मी ऐकून घेते. तिच्या पोराच्या मातीला पुढे उभे होतो त्यांतल्या आता आम्ही दोघीच उरलोय.