मामांची काळी प्लेट

मोक्षाची काळजी न करणारा माणूस अख्ख्या काशीत एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. सारा जन्म दुर्गाघाटावर गेला, पण मामांना चिंता एकच : घरातला व्हॉल्व्हचा जुना रेडिओ तापेल! व्हॉल्व्ह म्हणजे काचेची नळी, तिच्या पोटात निकेलची प्लेट. "आत हवाच नाही हो जावईबापू, बिचारीनं तापून जायचं कुठे? म्हणून तर तिला काळी करतात. काळी प्लेट उष्णता बाहेर फेकते, चकचकीत मेली पोटात ठेवते." माणसंही ते याच मापानं मोजत. लग्नात माझ्या सावळ्या रंगावरून बायकांची कुजबुज चालली होती, तेव्हा मामा एकटे खूश. "काळी प्लेट आहे, टिकेल," म्हणाले. आजवर टिकलो आहे.

मागच्या जाळीला वारा लागावा म्हणून रेडिओ पाहुण्यांकडे पाठ करून बसलेला. वैशाखात बिजली गेली की इन्व्हर्टरवर रेडिओ आणि एकच पंखा चाले, आणि पंख्याचं तोंड त्या पाठीकडे. तक्रार केली तर म्हणत, "तुम्हाला घाम तरी येतो. त्याला येतो का?" मामींनी हौसेनं विणलेला क्रोशाचा रुमाल रेडिओवर पडला की घरात महाभारत. "चाळीस वर्षं सवतीला वारा घालते आहे मी," असं म्हणत मामी रुमालाची घडी करून ठेवत. खरं तर तसला व्हॉल्व्ह मामांकडे तो शेवटचाच, दुसरा शोधूनही मिळेना. "प्लेट लाल दिसली की गेलाच समजा," हे त्यांनी मला सतरा वेळा बजावलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात उन्हाच्या झळांनी मामींना लू लागली. मी धावत पोचलो तेव्हा बिजली नव्हती, मामी तापानं लालबुंद, आणि पंखा चक्क मामींकडे! मामा ओल्या पंच्यानं त्यांचे पाय पुसत होते. गडबडीत रेडिओ चालूच राहिला होता, मागच्या जाळीतून प्लेट लाल दिसत होती.

"मामा, रेडिओ!" मी ओरडलो.

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "जाऊ द्या हो. ही लाल झालीय बघा."

मामी चार दिवसांत उठून बसल्या, रेडिओ मात्र गेला. "साधं बटण बंद करायचं सुचलं नाही?" म्हणून त्यांनी मामांना चांगलंच झाडलं. आता रेडिओवर क्रोशाचा रुमाल असतो, कुणी काढत नाही. परवा गेलो, तर मामा आरामखुर्चीत डुलकी घेत होते. मामी हळूच उठल्या आणि स्वतःवरच्या पंख्याचं तोंड त्यांनी रेडिओकडे वळवलं. मी बघतोय हे पाहून म्हणाल्या, "आता उठतील. उठल्यावर आधी तिकडेच बघतात हो."