शुक्रवारपर्यंतचा दात

माझी धाकटी जाऊ दवाखान्यांतली एक्स-रे मशीनं दुरुस्त करते. कुठे नवीन मशीन बसवायचं असलं, जुनं रुसून बसलं, की हिची बॅग निघालीच. महिन्यातले पंधरा-सोळा दिवस ती बाहेरगावी. घरात आम्ही पाच माणसं, तीही ती असली तर.

तिचं काम मी एकदाच पाहिलं, आमच्याच गल्लीतल्या दवाखान्यात. टेबलाखाली पाठीवर पडून, दातात टॉर्च धरून काम चाललेलं. शेजारी फडक्यावर स्क्रू ओळीने मांडलेले. काढलेला प्रत्येक भाग ती एका लहान पाकिटात घालते आणि वर तारीख लिहिते. "तारीख नसली ना ताई, तर पुढचा माणूस अंधारात चाचपडतो," म्हणाली.

तिची मुलगी चिमणी आता सहा वर्षांची. चिमणी पहिलं पाऊल टाकत होती तेव्हा हिने फोनवर फक्त माझं "चालली, चालली!" ऐकलं. शाळेचा पहिला दिवसही हुकला. त्यावरून धाकटीने कधी डोळ्यांत पाणी आणलेलं मला आठवत नाही. घरी आली की ती आधी माझ्यापाशी बसून सगळी चौकशी करायची आणि मग मुलीकडे वळायची. माझे दीर, म्हणजे चिमणीचे बाबा, चेष्टेखोर. दारात बॅग दिसली की विचारायचे, "काय पाहुण्या, मुक्काम किती दिवस? धुतलेली चादर काढू का?" एरवी ती हसते. गेल्या महिन्यात एका रविवारी हसली नाही, सरळ चादर बदलायला गेली.

त्याच रविवारी चिमणीचा खालचा पुढचा दात हलायला लागला. धाकटीने बोट लावून तो डावीकडे, उजवीकडे करून पाहिला.

"हा मी काढणार. शुक्रवारी येते. तोवर कुणी हात लावायचा नाही. टिकवशील?"

"टिकवते," चिमणी म्हणाली.

सोमवारी सकाळी धाकटी गेली आणि त्या दाताचा घरात राजेशाही थाट सुरू झाला. पाव दुधात बुडवून, तोही एकाच बाजूने. सफरचंद बंद. बोलताना जीभ मागे ओढलेली, त्यामुळे निम्मं बोलणं आम्हाला कळेना. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तपासणी व्हायची.

"दाखव बघू. जरा हलव. हं, अजून धरून आहे."

बुधवारी चार वाजता तो पडला. केळं खाताना. मऊ म्हणून ते मीच दिलं होतं.

चिमणीने दात तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला. "काकू, आईला सांगू नकोस."

"अगं, दातच तो. पडायचाच."

"आईने काढायचाय."

"मी खोटं बोलणार नाही हं."

"मग नको बोलूस. गप्प बस नुसती."

त्या संध्याकाळी देवापुढे बसले तेव्हा हा प्रश्न मी तिथे ठेवला. विचारलं तर खरं सांगायचं, न विचारता तोंड उघडायचं नाही, एवढं मी माझ्यापुरतं ठरवलं. ही पळवाट आहे, हे मला कळत होतं.

दात रिकाम्या काडेपेटीत राहिला. फोनवर चिमणी ओठ जेमतेम उघडून सांगायची, "आज दात झोपलाय." दुपारी मात्र ती आरशासमोर उभी राहून तो परत खाचेत बसवायची तालीम करी. तिसऱ्या-चौथ्या खेपेला जमलं.

शुक्रवारी पाचच्या सुमारास जिन्यावर बॅगेचं चाक करकरलं. चिमणी न्हाणीघरात पळाली आणि खालचा ओठ घट्ट दाबून बाहेर आली. धाकटीने बॅग दाराशीच सोडली, कोपरापर्यंत हात धुतले, स्वच्छ रुमाल घेतला.

"ऑपरेशन सुरू. नातेवाइकांनी बाहेर थांबावं," दीर म्हणाले. कुणी हललं नाही.

चिमणीने जेमतेम तोंड उघडलं. धाकटीचं बोट लागतं न लागतं तोच दात रुमालात आला. तिने रुमाल पाहिला. पांढराशुभ्र, लाल ठिपका नाही. मग तोंडात वाकून पाहिलं. हिरडी केव्हाच मिटत आली होती.

"दुखलं?"

"जराही नाही. तुझा हात हलका आहे."

हे वाक्य तिने पाठ केलेलं असणार.

"छान टिकवलास," धाकटी म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मी शेंगा निवडत होते, निवडत राहिले.

चिमणी खेळायला गेल्यावर ती स्वयंपाकघरात येऊन बसली. बॅगेतून एक पाकीट काढून दात त्यात टाकला.

"ताई, कधी?"

विचारलं, म्हणून सांगितलं. "बुधवारी. चार वाजता. केळं खाताना."

"रडली?"

"नाही."

तिने पाकिटावर बुधवारची तारीख घातली आणि खाली लिहिलं, चार वाजता. मग शेंगांच्या ढिगातल्या चार शेंगा ओढून घेतल्या आणि सोलू लागली. मी म्हटलं, "शेजारचाही हलतोय."

"पाहिला मी."

सोमवारी निघताना तिने चिमणीच्या हातात एक कोरं पाकीट दिलं.

"पडेल तेव्हा पडू दे. यात टाकायचा, वर तारीख लिहायची. खरी तारीख. आणि लगेच फोन करायचा, मी मशीनखाली असले तरी."

चिमणीने वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी आपण होऊन काही सांगितलं नाही अशा अर्थाने.

दुसरा दात मंगळवारी सकाळी दप्तर भरताना पडला. फोन दुसऱ्याच घंटीला उचलला गेला, आवाज टेबलाखालून यावा तसा दबका.

"हां, बोल. कुठे पडला? तिथपासून सांग."

चिमणीने सगळं सांगितलं, शाळेची गाडी खाली भोंगा वाजवत असताना. पाकिटावरची तारीखही तिनेच घातली. त्यातला एक आकडा उलटा आहे, पण वाचता येतो.