चिंचेचं बुटूक

सूर्य मावळला तेव्हा प्रमुख पाहुण्यांचं भाषण निम्म्यावर आलं होतं, आणि रत्नाबाई मगदूम विंगेत उभ्या राहून त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होत्या. चातुर्मासाचा नेम होता: दिवस मावळला की अन्न नाही, पाणीही नाही. ज्येष्ठ नागरिक संघाचा कार्यक्रम पाचचा, म्हणून बाई निर्धास्त होत्या. पाचचा कार्यक्रम पाचला सुरू होईल असं कोल्हापुरात राहून मानायचं, म्हणजे धन्यच!

तोंडाला कोरड पडली होती. कोरडे ओठ माउथ ऑर्गनच्या पत्र्याला चिकटतात. त्यातून वाजवायचं होतं ब्लूज, ते अमेरिकेतलं रडवं संगीत. त्यात श्वास आत ओढून सूर वाकवावा लागतो, रडताना आवाज घसरावा तसा. गेल्या वर्षी साथीला भाचा सौमित्र गिटार घेऊन बसला होता. संघातली मंडळी म्हणाली, "पोरानं काय वाजवलं! काकूंनी आपलं नुसतं फुंकलं." ते वर्षभर सलत होतं. म्हणून यंदा एकटीनं. चुकलं तर झाकायला कोणी नाही.

कॉलेजपासूनची मैत्रीण संयोगिता पाण्याची बाटली घेऊन आत आली.

"एक घोट घे. कोण बघतंय?"

"मी बघतोय की!" रत्नाबाई कोल्हापुरी ठसक्यात म्हणाल्या.

"रत्ने, अब्रू जाईल."

"जाऊ दे. नेम जाणार न्हाय."

"मग बस वाळत!" संयोगिता तणतणत बाहेर गेली.

नाव पुकारलं गेलं. रत्नाबाईंनी पहिला सूर ओढला. ओठाची साल निघाली आणि बिजागरी कुरकुरावी तसा आवाज आला.

"काकू, तेल घाला की बाजाला!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. जीभच वाळलेली. दुसरा सूर अर्ध्यात मेला. संघाचे सचिव पडद्याच्या दोरीकडे सरकले.

तेवढ्यात संयोगिता धापा टाकत पहिल्या रांगेत येऊन बसली. हातात कागदावर बाहेरच्या गाडीवरचं चिंचेचं बुटूक, वर मीठ-तिखट. रत्नाबाईंच्या लग्नात याच बयेनं सनईवाल्यासमोर चिंच चोखली होती. बिचाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटून ऐन मुहूर्ताला सनई बंद पडली होती. आता तिनं तसेच डोळे बारीक केले, गाल आत ओढले आणि मचामचा चोखायला लागली.

रत्नाबाईंच्या जबड्यात कळ आली. मग जिभेखाली पाणीच पाणी. स्वतःचीच लाळ ती, कुठला नेम तिला अडवतो?

ओठ भिजले. चपलेचा ठेका फळ्यांवर पडला. सूर निघाला, खाली घसरला, तळाशी जाऊन हुंदक्यासारखा थरथरला आणि ओढत वर आला. हशा विरला. सचिव दोरी सोडून उभे राहिले ते उभेच. मधे लाळ इतकी झाली की बाजा गुरगुरायला लागला. बाईंनी तो तळहातावर आपटला, संयोगिताकडे डोळे वटारले आणि पुन्हा तोंडाला लावला.

शेवटचा सूर संपल्यावर मघाचाच आवाज मागून आला, "काकू, अजून एक होऊ दे!"

रत्नाबाईंनी पहिल्या रांगेकडे बघितलं. संयोगितानं कागद उलटा करून झटकला. चिंच संपली होती.